ओवी, गाव आणि विकास



विकासाचे मोजमाप करण्याची आपली एक रूढ रीत आहे. किती किलोमीटर रस्ते झाले, किती वाड्यावस्त्यांना नळाचे पाणी मिळाले, किती जमीन औद्योगिक क्षेत्राखाली आली आणि किती हातांना काम मिळाले, हे आकडे अहवालात येतात व ते आलेच पाहिजेत. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याने असे आकडे भरभरून दिले आहेत. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काही वर्षांत टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे उद्योग व त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने यांनी येथील माळराने भरून गेली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले आणि १९९७ मध्ये आसपासची आणखी १८ गावे तीत सामील झाली. १९७१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली. हाच ओघ इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरला. संग्रामदुर्गासाठी व कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले चाकण आज देशातील मोटार उद्योगाचे एक प्रमुख केंद्र म्हणून ओळखले जाते.

इतक्या वेगाने पालटलेल्या या मुलखात एक गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही. ती म्हणजे गावाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकत. ओढा कोठून वाहत होता, कोणत्या शिवाराला कोणते नाव होते, दुष्काळात माणसे कशी जगली, सासरी आलेल्या मुलीने आपले दुःख कोणापाशी उघड केले, हे सारे लोकांच्या तोंडी होते आणि अजूनही काही अंशी आहे. ही हकीकत ऐकून, नोंदवून ती ग्रामविकासाच्या कामाशी जोडता येते काय? पुण्यातील दोन अभ्यासकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपली उमेदीची वर्षे घालविली. त्याच सुमारास आफ्रिका खंडातील काही तरुण अभ्यासकही हाच प्रश्न घेऊन खेड्यांत शिरले होते. या दोन्ही प्रयत्नांचा एकत्र विचार केल्यास आपल्या कामाला उपयोगी असे पुष्कळ हाती लागते.

डोंगरातील गावे आणि जात्यावरची ओवी

औद्योगिक पट्ट्याच्या पश्चिमेस मावळ आणि मुळशी या तालुक्यांतील डोंगरी गावे आहेत. विकास आणि विस्थापन यांची गाठ या गावांनी फार लवकर अनुभवली. मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. पुढे १९८० च्या दशकात याच डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेचे काम सुरू झाले. त्या कामाशी हेमा राईरकर आणि गी प्वातवँ हे दोन अभ्यासक निगडित होते. प्वातवँ यांचा जन्म १९३४ साली फ्रान्समध्ये झाला. १९७२ पासून ते पुण्यात राहू लागले व पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. राईरकर व प्वातवँ यांनी पुण्यात सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधनासाठी केंद्र चालविले. पण त्यांच्या संशोधनाचे खरे ठिकाण डोंगरातील ओटी आणि पडवी हेच होते.

संघटनेच्या निमित्ताने गावोगावच्या बाया एकत्र बसू लागल्या. सभेत बोल म्हटले की बाई गप्प बसते. परंतु तिला जात्यावरची ओवी म्हणावयास सांगितले की तिची वाणी मोकळी होते, आणि ज्या गोष्टी ती सभेत कधी बोलली नसती त्या ओवीतून सहज बाहेर पडतात. हे पाहून ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले गेले. या कामाची विशेष गोष्ट अशी की ओव्या गोळा करणाऱ्यांत त्याच डोंगरी गावांतील कार्यकर्ते व कार्यकर्त्या होत्या. शेजारच्या गावातील ओळखीची बाई दारी आली आहे, तिच्याजवळ वही आहे, आणि तिला स्वतःलाही ओव्या येतात, असे म्हटल्यावर संकोच उरत नसे.

मुळशी-मावळात सुरू झालेले हे काम हळूहळू महाराष्ट्रभर पसरले. एक हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून, एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेण्यात आल्या. संगीत आणि संगणकशास्त्र या दोहोंचे जाणकार असलेले फ्रेंच संशोधक बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कामात सहभागी झाले. त्यांच्या साहाय्याने ओव्यांचा संगणकीय संग्रह तयार झाला आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण करण्यात आले. प्वातवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने ते स्वीकारले आणि मार्च २०१७ पासून या ओव्या, त्यांचे ध्वनिमुद्रण व भाषांतर यांसह, क्रमाक्रमाने प्रकाशित होऊ लागल्या.

महाराष्ट्रात लोकगीतांचा संग्रह यापूर्वी झाला नव्हता असे नाही. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या मोठ्या प्रेमाने एकत्र केल्या. दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने अनेक संग्रह प्रसिद्ध केले. राईरकर व प्वातवँ यांनी या परंपरेत एक भर घातली. ओवी म्हणणाऱ्या बाईचे नाव, तिचे गाव व तालुका यांची नोंद त्यांनी ओवीसोबत ठेवली. अनामिक समजल्या जाणाऱ्या लोकवाङ्मयाला अशा रीतीने धनीण मिळाली. शिवाय जमविलेल्या ओव्या पुन्हा बायांच्या बैठकीत वाचल्या जात आणि त्यांचा अर्थ बायाच सांगत. अभ्यासक अर्थ सांगणार आणि गावाने तो ऐकावयाचा, हा नेहमीचा क्रम येथे उलटा झाला.

ओवी काय सांगते

जात्याची रचना सर्वांना ठाऊक आहे. खाली न फिरणारी तळी, वर फिरणारी पाळी, हातात खुंटा आणि तोंडात मुठीमुठीने घालावयाची वैरण. पहाटेच्या अंधारात घरातील पुरुषमाणसे झोपेत असताना एकटी किंवा दोघी बाया दळावयास बसत. जात्याची घरघर हीच गाण्याची लय, आणि जोडीला बसलेली जाऊ, नणंद किंवा शेजारीण हीच श्रोती. मालकीण आणि मजूर, सासू आणि सून यांच्यातील अंतर या वेळी थोडे सैल होई. दिवसभरात स्वतःचे म्हणून जे काही बोलता येई ते याच एका घटकेत.

म्हणून ओवीचा विषय फार विस्तृत आहे. तीत माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणे आहे, लेकीच्या जन्माची खंत आहे, सासुरवासाचे कढ आहेत. सीतेच्या वनवासाची कथा तीत पुन्हा पुन्हा येते आणि रामायणातील सीतेपेक्षा ती गावातील सासुरवाशिणीची कथा अधिक असते. पंढरीच्या वाटेचे वर्णन येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीच्या शेकडो ओव्या मराठवाड्यातील बायांनी रचल्या आहेत. पाऊस, पेरणी, मजुरी, पोटाची चिंता यांचेही उल्लेख येतात. पूर्वीची ओवी पुढची पिढी उचलते आणि तीत आपला एखादा शब्द बदलते. त्यामुळे एकीचे दुःख अनेकींच्या तोंडी जाते आणि कोणा एकीवर त्याचा बोभाटा येत नाही.

पाहणीसाठी घरी आलेल्या कर्मचाऱ्याला बाई सासऱ्यासमोर, दिरासमोर काय उत्तर देते हे अनुभवी ग्रामसेवकांना व शिक्षकांना सांगावयास नको. घरात काही अडचण नाही, सर्व ठीक आहे, असेच ती म्हणते. तक्त्यात तेवढीच नोंद होते. प्रश्नावलीच्या उत्तरापेक्षा ओवीतील साक्ष निराळी असते, कारण ती विचारणाऱ्यासाठी दिलेली नसते. आरोग्य, पाणी, मुलींचे शिक्षण, दारू यांसंबंधी योजना आखणाऱ्यांना अशा साक्षीची गरज असते.

परंतु ओवी श्रमाला बांधलेली होती. विजेची पिठाची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरले. ते उतरले हे चांगलेच झाले. पहाटे उठून पायलीभर दळण्याच्या कष्टांचा गौरव करण्याचे काही कारण नाही. मात्र कष्टांबरोबर ती मोकळी घटकाही गेली. लग्नात हळद दळताना, जात्याची पूजा करताना काही ओव्या अजून म्हटल्या जातात. एरवी जाते घराच्या कोपऱ्यात उभे आहे. ज्यांनी तरुणपणी दररोज दळताना ओवी म्हटली त्या स्त्रिया आज वार्धक्यात आहेत.

आफ्रिकेतील अनुभव

पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचे विद्वान आमादू हांपाते बा यांनी १९६० च्या सुमारास युनेस्कोच्या व्यासपीठावर एक विचार मांडला होता. आफ्रिकेत एखादा वृद्ध मरण पावतो तेव्हा एक ग्रंथालय जळून जाते, असा त्याचा आशय होता. ज्या समाजात ज्ञान मुखपरंपरेने चालते तेथे ही केवळ उपमा नाही. पिके, औषधे, वंशावळी, जमिनीचे हक्क आणि तंटे मिटविण्याचे दाखले हे सर्व स्मरणातच साठविलेले असते.

स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेतील अनेक देशांत प्रौढशिक्षण व समाजविकास यांच्या कार्यक्रमांनी या परंपरेचा आधार घेतला. दक्षिणेकडील बोत्सवाना देशात १९७४ मध्ये ‘लएड्झा बातानानी’ हा उपक्रम सुरू झाला. उजाडले आहे, चला, मिळून कामाला लागू, असा या नावाचा भावार्थ आहे. गावचे कार्यकर्ते व विस्तार कर्मचारी एकत्र बसून गावचे प्रश्न निवडत, त्यांवर नाट्य, गाणी व बाहुल्यांचे खेळ बसवीत, गावोगाव ते करून दाखवीत आणि खेळ संपताच प्रेक्षकांशी चर्चा करीत. चर्चा हाच खेळाचा उत्तरार्ध. गुरांची चोरी, खाणींत कामासाठी दूर गेलेले पुरुष, आरोग्य व स्वच्छता असे विषय तीत येत.

या उपक्रमाची कीर्ती दूरवर पसरली. परंतु त्याचे प्रवर्तक रॉस किड व मार्टिन बायरम यांनी काही वर्षांनी स्वतःच त्याची कठोर तपासणी केली. खेळ लोकांच्या भाषेत होता, पण विषय बहुधा अधिकाऱ्यांच्या सोयीचे निवडले जात. शौचकूप बांधा, दवाखान्यात जा, असा उपदेश होई. गरिबी कोठून आली हा प्रश्न बाजूस राही. कथा लोकांची आणि निरोप सरकारचा, अशी स्थिती झाली होती. लोककलेच्या माध्यमातून योजनांचा प्रचार करणाऱ्या प्रत्येक खात्याने ध्यानात ठेवावा असा हा निष्कर्ष आहे.

केनियातील अनुभव याहून वेगळा आहे. नैरोबीजवळील लिमुरू भागात कामिरिथु हे गाव आहे. तेथील लोक शेतमजुरी करीत, चहाच्या मळ्यांत आणि जवळच्या पादत्राणांच्या कारखान्यात राबत. १९७० च्या दशकात तेथे सामुदायिक शिक्षण व संस्कृती केंद्र उभे राहिले. नैरोबी विद्यापीठाच्या विकास अभ्यास संस्थेतील तरुण संशोधक ङुगी वा मिरी यांनी तेथील साक्षरता वर्गाचे काम पाहिले. सुप्रसिद्ध कादंबरीकार ङुगी वा थ्योंगो त्यांना येऊन मिळाले. नवसाक्षरांच्या वाचनासाठी काहीतरी हवे, यातून दोघांनी गिकुयू भाषेत एक नाटक लिहिले. कारखान्यासाठी शेतकऱ्याचा जमिनीचा तुकडा कसा जातो, ही त्याची मध्यवर्ती कथा. तालमी उघड्यावर होत. गावातील वृद्ध मंडळी येऊन सांगत की ही म्हण अशी नाही, कारखान्यातील काम असे होत नाही, हे गाणे त्या काळी निराळ्या चालीवर म्हणत. त्याप्रमाणे संहिता बदलत गेली. गावकऱ्यांनी स्वतः बांधलेल्या खुल्या रंगमंचावर ऑक्टोबर १९७७ मध्ये प्रयोग सुरू झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस थ्योंगो यांना स्थानबद्ध करण्यात आले. १९८२ मध्ये तो रंगमंच पाडण्यात आला. मिरी यांचे २००८ मध्ये आणि थ्योंगो यांचे २०२५ मध्ये निधन झाले. कामिरिथुचे नाव मात्र समाजविकासाच्या अभ्यासात कायम झाले आहे.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांची कथा जोवर सरकारी निरोपाचे वाहन असते तोवर ती सुरक्षित पण निष्प्रभ राहते. ती लोकांची स्वतःची झाली म्हणजे तीत गैरसोयीचे प्रश्न येणारच. असे प्रश्न ऐकून घेण्याची तयारी ज्या शासनव्यवस्थेत आहे तेथेच समाजविकास या शब्दाला अर्थ प्राप्त होतो. आपल्या लोकशाही पंचायत राज्यात ही तयारी अपेक्षित आहे आणि तिची कायदेशीर जागाही आखून दिलेली आहे.

औद्योगिक पट्ट्यात काय करता येईल

ग्रामसभा ही ती जागा होय. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे आणि २०११ पासून पंचायतींत महिलांना निम्म्या जागा राखीव आहेत. परंतु सभेत विषयपत्रिका वाचून दाखविली आणि सह्या-अंगठे घेतले एवढ्यावर अनेक ठिकाणी काम भागते. मुळशी-मावळच्या बायांचा अनुभव असा की औपचारिक भाषेत गप्प राहणारी बाई आपल्या ओळखीच्या भाषेत बोलू लागते. महिला सभेचा आरंभ एखाद्या वृद्ध बाईच्या ओवीने किंवा आठवणीने व्हावा, तिच्यावर बोलणे व्हावे आणि त्यातून निघालेला प्रश्न कार्यवृत्तात नोंदविला जावा. यास निधी लागत नाही. ऐकण्याची शिस्त लागते.

दुसरे क्षेत्र शाळेचे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या शाळांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सातारा-सोलापूर येथून आणि परराज्यांतून आलेल्या कामगारांची मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या आज्यांच्या ओव्या, गोष्टी आणि म्हणी वेगवेगळ्या आहेत. एका वर्गात इतके प्रदेश एकत्र येणे ही शिक्षकाला लाभलेली मोठी संधी आहे. मुलाने आजीकडून ऐकलेली गोष्ट, तिचे नाव व गाव यांसह वहीत उतरविली, तर भाषेचा अभ्यास होतो आणि परक्या शहरात आलेल्या त्या घराला शाळेत मानाची जागा मिळते. येथे एक पथ्य पाळावयास हवे. आजीची भाषा ‘शुद्ध’ करू नये. तिचा शब्द बदलला की तिचा अर्थही बदलतो.

तिसरे क्षेत्र जमिनीचे व पाण्याचे. शिवार संपादित झाले की शेताला गट क्रमांकाऐवजी भूखंड क्रमांक येतो आणि जुनी नावे लोपतात. परंतु ओढ्याचा उतार नावाबरोबर नाहीसा होत नाही. पावसाळ्यात पाणी आपली जुनी वाट शोधतेच. कोठे पाझर होता, कोठे दलदल होती, कोणत्या झाडाखाली झरा होता, हे सांगणारे शेतकरी अजून हयात आहेत. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने व्यवस्थापन समितीमार्फत लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ती कार्यालयात बसून भरली तर कागद होतो. जाणत्या वृद्धांना शिवारात नेऊन, त्यांच्या तोंडून ऐकून भरली तर पुढील नियोजनास उपयोगी पडणारा दस्तऐवज होतो.

हे काम करताना काही मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय काहीही नोंदवू नये वा प्रसिद्ध करू नये. घरातील दुःख सांगितले असेल तर नाव द्यावे की न द्यावे हे सांगणारीनेच ठरवावे. जे नोंदविले ते तिला वाचून दाखवावे, आणि त्याची एक प्रत गावातच, शाळेत किंवा ग्रंथालयात राहील अशी व्यवस्था करावी. संग्रह शहरात आणि स्मृतिशून्य गाव मागे, अशी वाटणी होता कामा नये.

औद्योगिकीकरणाला पर्याय म्हणून ओवीकडे पाहण्याचे कारण नाही. कारखान्याने या भागातील हजारो घरांची चूल पेटविली आहे, आणि जात्यावर दळणाऱ्या आजीनेही आपल्या नातवासाठी नोकरीचीच इच्छा धरली असेल. प्रश्न एवढाच आहे की या बदलाची हकीकत कोण सांगणार. उद्योगांचे अहवाल ती सांगतील, नगरनियोजनाचे नकाशे सांगतील. ज्यांची जमीन गेली, ज्यांनी गाव सोडून या पट्ट्यात खोली घेतली, ज्यांनी दोन्ही काळ पाहिले, त्यांची साक्ष त्यात यावयाची असेल तर ती आजच घेतली पाहिजे. राईरकर, प्वातवँ आणि त्यांच्यासोबतच्या डोंगरी गावांतील बायांनी एक वही व थोडा वेळ एवढ्या भांडवलावर हे काम सुरू केले होते. शाळेत वही आहे, पंचायतीत कार्यवृत्त आहे, आणि सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्या पायरीवर जाऊन बसण्यास जो वेळ लागतो तेवढा काढणे शिक्षकांच्या व पंचायत सदस्यांच्या हातात आहे.